न्हाणीत ऊन

दिग्रसच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत सत्यभामा खोब्रागडेने घर घेतलं, तेव्हा शाळेतल्या प्रत्येक मास्तरने तिला एकदा तरी विचारलं, "मॅडम, नव्या लेआउटमध्ये प्लॉट भेटला नाही काय?"

प्लॉट भेटला असता. पण तिच्या नवऱ्याचा, धर्मपालचा, जीव या घरावर बसला होता. कापसाच्या कुण्या अडत्याने इंग्रजांच्या काळात बांधलेली ती बंगली. उंच जोतं, सागवानी दारं, समोर कोरीव खांबांचा व्हरांडा आणि वर छपराला इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौलं. अडत्याची नातवंडं नागपूरला गेली, घर कुलपात पडलं. धर्मपाल जाता-येता त्या दारांवरून हात फिरवायचा, आणि हात फिरवता फिरवता त्याने एक दिवस बायकोला गळ घातली. घर झालं. प्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, गल्ली खीर खाऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा आंघोळीला म्हणून मागच्या न्हाणीत शिरली.

न्हाणी चांगली खोलीएवढी होती. खाली काळ्या दगडाची फरशी, एका कोपऱ्यात कमरेएवढा हौद, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब. भिंती धुराने काळवंडलेल्या. खिडकी म्हणावी तर छपराखाली वीतभर झरोका, तोही कोळिष्टकांनी बुजलेला. दार लावलं की सकाळीच दिवेलागण. सत्यभामाने चाचपडत पाणी घ्यायचा गडवा शोधला, तर गडव्याऐवजी हाताला पाल लागली. कसंबसं अंगावर पाणी ओतून ती बाहेर आली आणि ओल्या केसांनीच नवऱ्यासमोर उभी राहिली.

"हे सगळं काढायचं."

"काय काढायचं?" धर्मपालने पेपरातून डोकं वर केलं.

"फरशी, हौद, बंब, सगळं. खालपासून वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स पाहिजे मले. शॉवर, गिझर अन् मोठा आरसा."

"पाहू," धर्मपाल म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या 'पाहू'चा अर्थ 'नाही' असतो हे तिला पाठ झालं होतं. पण या वेळी तिने तो सोयीने 'हो' धरला. आणि ती पुढे काही बोलली नाही, तेव्हा बायकोचा राग निवला असं धर्मपालने धरलं. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

धर्मपालचं सारं शहाणपण बोटांत होतं. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर तो ग्रेडर होता. गाडीतून कापसाची मूठ उपसायची, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणायचा आणि प्रत सांगायची, यात त्याची सारी नोकरी सरली. मग ती खरेदीच मोडीत निघाली. केंद्रं एकेक करून बंद झाली आणि त्याने वेळेआधीच निवृत्ती घेतली. ती वर्षं वाईट होती. भाव पडलेले, सरकी काढायची जीन थंड, पेपराचं पहिलं पान वाचवत नसे. धर्मपाल दिवसभर रिकाम्या बोटांनी घरात फिरायचा आणि दिसेल त्या जुन्या वस्तूला हात लावून पाहायचा. न्हाणीतल्या फरशीवर तर तो मुद्दाम अनवाणी जायचा.

"पाय ठेवून तर पाह्य," तो म्हणायचा. "किती पिढ्यांनी पाय घासले असतील इथी. दगड कसा लोण्यासारखा झाला."

"दिसला तर पाय ठेवीन ना!" सत्यभामा म्हणायची.

सुट्टीच्या एका दिवशी दोघं एसटीने यवतमाळला गेली. टाइल्सच्या दुकानात सत्यभामा दोन तास रमली. दुकानभर दिवे, त्यात त्या पांढऱ्या टाइल्स अशा लखलखत होत्या की तिला तिथेच आंघोळीला बसावंसं वाटलं. धर्मपालने एका टाइलवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"हाताले काहीच लागत नाही," तो म्हणाला. "काचेच्या बशीवरून हात फिरवल्यासारखं वाटते."

"तुम्हाले हाताने आंघोळ करायची आहे का डोळ्याने?"

"पाह्य बा, तुले आवडते तर," असं म्हणून तो चहा प्यायला बाहेर गेला. सत्यभामाने टाइल्स सांगून टाकल्या.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. बायको टाइल्स पाहून आली, हौस फिटली, असं तो मनाशी म्हणत होता. आणि त्या हौसेवर कायमचा उतारा म्हणून त्याने मनातल्या मनात एक बेत आखला होता.

पुढच्या रविवारी सकाळी सत्यभामाला जाग आली ती धुराने. ती खोकत उठली. स्वयंपाकघरात धूर, माजघरात धूर, दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या शाळेच्या साड्यांवर धूर. न्हाणीतून धर्मपालचा आवाज आला, "सत्यभामा! ये! पाणी काय फर्मास तापलं!"

त्याने पहाटे उठून चिंचेने बंब घासला होता. तांबं नुसतं पेटल्यासारखं झळकत होतं. मग कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबून बंब पेटवला होता. फक्त बंबाच्या धुराड्यात कुण्या पाखराने घरटं करून ठेवलं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. दारात तो उभा होता, डोळ्यांतून पाणी, गालावर काजळी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की दुसरी एखादी बाई विरघळली असती.

सत्यभामा दोरीवरच्या साड्यांकडे पाहत होती.

"उद्या विक्की येणार आहे," ती म्हणाली.

"कोण विक्की?"

"स्टाईल बसवणारा."

दिग्रसमध्ये टाइल्सला सगळे 'स्टाईल'च म्हणतात, आणि विक्की होताही तसाच. नागपूरला काम शिकून आलेला, उलटी टोपी घालणारा, तीन पोरांचा बाप. त्याला पांढऱ्या भिंतीचं भारी दुःख व्हायचं.

"मॅडम, नुसतं पांढरं दवाखान्यासारखं दिसते," तो आल्या आल्या म्हणाला. "मधात दोन डॉल्फिन टाकू. पाण्यातून उडी मारून राह्यले असे. हायलायटर म्हणते त्याले."

"डॉल्फिन नोको," सत्यभामा म्हणाली. "तू फरशी काढ आधी."

ती शाळेत गेली. धर्मपालला घरात बसवेना, तो बाजारात गेला. संध्याकाळी दोघं परतली तेव्हा विक्कीने एका भिंतीचा गिलावा पाडला होता, मोरीचा नळ फोडून ठेवला होता आणि दाराजवळचा एक दगड उपटून काढला होता. उपटताना दगडाचे दोन तुकडे झाले होते.

"लय जुना माल हाये," विक्की म्हणाला. "निघतच नाही."

धर्मपाल खाली वाकला. त्याने ते दोन तुकडे एकेक करून उचलले, अंगणात नेले आणि भिंतीशी जवळ जवळ लावून ठेवले, जणू ते अजून जोडता येतील. मग हात धुतले आणि जेवायला बसला. तो भांडला असता तर सत्यभामाने त्याला दोन ऐकवली असती. तो भांडला नाही, त्यामुळे ती अर्धी भाकर ताटात ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने काम थांबवलं. पण 'पुन्हा तसंच ठेवा' असंही तिच्या तोंडून निघेना. न्हाणी अर्धी मोडलेली, अर्धी जुनी, अशी पडून राहिली. नवरा-बायको विक्कीमार्फत बोलू लागली.

"विक्की, साहेबांना सांग, नळ तेवढा नीट करून घ्यायचा का?"

"साहेब, मॅडम म्हणते नळ..."

"मॅडमले म्हण, तुमची मर्जी."

"मॅडम, साहेब म्हणते..." मग विक्कीच वैतागला. "तुमचं ठरलं का मले फोन करजा," म्हणाला आणि आपली अवजारं उचलून दुसऱ्या कामावर निघून गेला.

राहिला प्रश्न आंघोळीचा. धर्मपाल अंगणात पंचा गुंडाळून उघड्यावर आंघोळ करी, त्याचं भागे. सत्यभामा हाता-पायांवर पाणी घेऊन शाळेत जाई. हे मागच्या घरातल्या बसंतीबाईने भिंतीवरून पाहिलं.

बसंतीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरून गावात येऊन राहिलेली बाई. नवऱ्याची शेती होती. त्या वर्षीचा कापूस भाव येईल म्हणून त्यांनी विकलाच नव्हता. तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला होता, आणि घरातली माणसं पडवीत झोपत होती.

"बाई, किती दिस अशा अर्ध्या न्हाऊन राहाल?" बसंतीबाई म्हणाली. "माह्याकडं या. पाणी तापवून ठेवतो."

बसंतीबाईची न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी डोईएवढी भिंत, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा, आणि वर काहीच नाही. सत्यभामाने तिथे एकदा पाहिलं आणि "नको, नको" म्हणून परत आली.

उघड्यावरच्या आंघोळीचं तिला आयुष्यभराचं वावडं होतं. मुकुटबनला तिच्या माहेरच्या घराला न्हाणी नव्हती. दोन बाजा उभ्या करायच्या, त्यावर गोधडी टाकायची, आणि गावातला एकही गडी उठायच्या आत, अंधारात, आईने आणि चौघी बहिणींनी आंघोळ आटपायची. थंडीत दात वाजत. आई बाहेरून दबक्या आवाजात म्हणे, "हो लवकर, हो लवकर." आपलं अंग ओलं कसं दिसतं हे सत्यभामाला लग्नापर्यंत माहीत नव्हतं. पुढे भाड्याच्या खोल्यांत सार्वजनिक बाथरूम आल्या, बाहेर बादली घेऊन बायका उभ्या. घाई काही सुटली नाही.

पण रविवार आला आणि केस तर धुवायचेच होते. थंडी मी म्हणत होती. ऊन अंगणभर पसरलं, तशी बसंतीबाई स्वतःच येऊन तिला हाताला धरून घेऊन गेली.

"दार नाही, बसंतीबाई. कोणी आलं तर?"

"मी हाये ना." बसंतीबाईने काठी घेतली आणि पडद्याकडे पाठ करून चक्क खाटेवर बसली. "येऊन तर पाहू द्या कुणाले."

गंगाळात पाणी वाफाळत होतं. सत्यभामाने पहिला गडवा नेहमीच्या घाईने ओतला. दुसराही. बाहेर गल्लीत सायकल वाजली, बसंतीबाईने सायकलवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, सायकल निघून गेली. सत्यभामाला हसू फुटलं. तिसरा गडवा ओतताना तिला खांद्यावर काहीतरी ऊबदार जाणवलं. ऊन होतं. कोवळं, पिवळं, ओल्या खांद्यावरून दंडावर उतरणारं. हातावरच्या पाण्याचा एकेक थेंब चमकत होता. तिने हात पुढे धरला आणि पाहत राहिली. मग केसांत शिकेकाई घातली, वजरीच्या दगडाने टाचा घासल्या, पाठीवर ऊन घेत बसून राहिली. कोणी 'हो लवकर' म्हणत नव्हतं. पाणी गार व्हायला आलं तेव्हा बसंतीबाईच म्हणाली, "बाई, निजल्या काय?"

केस टॉवेलात बांधून ती घरी आली. धर्मपाल मोडक्या न्हाणीत काहीतरी उचलठेव करत होता. ती त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि वर पाहू लागली.

"ही वरची कवेलू निघते काय हो?"

इतक्या दिवसांनी ती सरळ त्याच्याशी बोलली होती, म्हणून तो आधी बावरला. "निघते ना. काहून?"

"ऊन पाहिजे मले. आंघोळ करताना. अंगावर."

मग तिथेच हौदाच्या कडेवर बसून तिने त्याला मुकुटबनची गोष्ट सांगितली. बाजांची, गोधडीची, आईच्या दबक्या आवाजाची. एवढ्या वर्षांत ती कधी बोललीच नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नव्हतं. धर्मपाल ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मले वाटे, तुले जुनं म्हणजे सगळं घाणच वाटते."

"अंधार वाटते," ती म्हणाली.

त्याने छपराचे वासे नजरेने मोजले. "काचेची कवेलू बसवू," तो म्हणाला. "दुसरं काही पाडावं नाही लागणार."

पण काचेची कवेलू मिळेनात. दुकानदार हसले. सगळं गाव स्लॅब टाकून राहिलं, साहेब, आता काचेची कवेलू कोण ठेवते? तेव्हा धर्मपालला आपलं जुनं खरेदी केंद्र आठवलं. एका जीनच्या आवारात ते केंद्र चाले. जीन बंद पडली होती आणि मालक शेड मोडून सामान विकत होता. केंद्र बंद झाल्यापासून धर्मपाल तिकडे फिरकला नव्हता. रस्ता वाकडा करून जाई.

"मी येऊ सोबत?" सत्यभामाने विचारलं. त्याने मानेनेच 'चल' म्हटलं आणि स्कूटर काढली.

हंगामाचे दिवस असूनही आवार रिकामं होतं. एरवी या दिवसांत गाड्यांची रांग थेट सडकेपर्यंत जायची. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, हवेत उडणारी रुई, नुसता गदारोळ. आता फाटकाजवळ किसनराव चौकीदार एकटाच शेंगा सोलत बसला होता. तो धडपडत उठला. "ग्रेडर साहेब! किती दिवसांनी!"

धर्मपाल त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेला. प्रतवारीच्या शेडमध्ये छपराच्या एका बाजूला काचेच्या कवेलूंच्या ओळी होत्या आणि त्यांतून खाली शांत, सारखा उजेड पडत होता. तो सवयीने त्या उजेडात नेमक्या जागी जाऊन उभा राहिला.

"इथी उभा राहून पाह्यचो मी," तो म्हणाला. "अन् माणसं कापसाकडे पाहतच नव्हती, सत्यभामा. माह्या तोंडाकडे पाहत. मी काय बोलतो म्हणून."

सत्यभामाने त्या उजेडात नवऱ्याचा चेहरा पाहिला. तो थकलेला होता, पण मोकळा होता. तिने त्याच्या बाहीला लागलेलं जाळं झटकलं. किसनरावाने दोन माणसं वर चढवली. काचेची कवेलू वर्तमानपत्रात गुंडाळून ऑटोने घरी आली.

आता सगळं सुरळीत होईल असं परत बोलावलेल्या विक्कीला वाटलं. तो शिडीवर चढला आणि खाली पुन्हा भांडण लागलं.

"उत्तरेच्या उतारावर बसव," धर्मपाल म्हणाला. "उत्तरेचा उजेड खरा. त्यात रंग फसत नाही."

"पूर्वेला बसव," सत्यभामा म्हणाली. "मले कापसाची प्रत नाही पाह्यची. मले आंघोळ करायची आहे."

शिडीवर विक्कीने कपाळाला हात लावला. धर्मपाल इतका हसला की त्याला ठसका लागला. कवेलू पूर्वेला बसली.

पहिलं ऊन आत उतरलं तेव्हा दोघं पाहायला गेली. दाराजवळचे दोन तुकडे परत बसवून फरशी धुतलेली होती. ती काळी नव्हतीच. उन्हात दगडाचा रंग पावसाळी ढगासारखा निळसर होता, आणि मधून बारीक हिरव्या रेघा गेल्या होत्या. सत्यभामाने चप्पल काढली, पाय ठेवला, तळवा थोडा घासून पाहिला.

"राहू द्या ही," ती म्हणाली.

"लोण्यासारखी आहे का नाही?"

"लोणी-बिणी काही नाही. पण राहू द्या."

पांढऱ्या टाइल्स भिंतींना खांद्यापर्यंत लागल्या. हौद राहिला, कारण नळाला पाणी चार दिवसांआड येत होतं आणि तिथे कुणाच्याच आवडीचं काही चालत नव्हतं. बंब मात्र गेला. सत्यभामाने त्याबाबत एक शब्द ऐकून घेतला नाही. धर्मपालने तो व्हरांड्यात नेऊन ठेवला आणि रोज सकाळी फडक्याने पुसू लागला. तिने हौसेने लावलेल्या शॉवरमधून, टाकी ठेंगणी असल्यामुळे, बोटाएवढी धार पडायची. ती दोन दिवस त्याखाली चिकाटीने उभी राहिली आणि गुपचूप गडव्यावर आली. धर्मपालने ते पाहिलं आणि, त्याच्या नावाची आठवण ठेवून म्हणायचं तर, धर्म पाळला. बोलला नाही.

आणि विक्कीने शेवटच्या दिवशी, पैसे न घेता, आपल्या प्रेमाने बेसिनच्या वर दोन डॉल्फिन बसवून दिले. ते पाहून नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. साऱ्या न्हाणीत हीच एक गोष्ट होती की जिच्याबद्दल दोघांचं मत तंतोतंत एक होतं. पण विक्की टोपी हातात घेऊन इतका खूश उभा होता की सत्यभामा म्हणाली, "छान दिसते," आणि धर्मपाल म्हणाला, "उडीच मारून राह्यले, खरंच."

रविवारी सत्यभामा ऊन कवेलूवर आलं की न्हाणीत शिरू लागली आणि ऊन सरकलं की बाहेर येऊ लागली. धर्मपाल बाहेर ताटकळत बसे. मधूनच दारावर टकटक करून म्हणे, "हाये ना आत, का वाहून गेली?" आतून उत्तर येत नसे, फक्त पाण्याचा आवाज येई. त्याला तो बरा वाटे.

संक्रांतीनंतर बसंतीबाईचा कापूस एकदाचा गेला. भाव बेताचाच मिळाला, पण पुढची खोली मोकळी झाली, म्हणून ती आनंदात होती. अंगभर रुई आणि खाज घेऊन ती भिंतीवरून म्हणाली, "बाई, तुमची ती न्हाणी मले बी पाहू द्या एकदा."

"पाहू काय, आंघोळच करा," सत्यभामा म्हणाली. तिने पाणी काढून दिलं, नवा साबण दिला, आणि दाराबाहेर पाटावर बसली.

बसंतीबाई तासभर आत होती. आधी डॉल्फिन पाहून ती तांड्याच्या बोलीत आईच्या नावाने किंचाळली, "याडी गं!" मग ते किती गोड आहेत ते तिने मोठ्याने सांगितलं. मग गाणं म्हटलं. मग बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख होता. धर्मपाल व्हरांड्यातून मुद्दाम उठून आला होता. त्याला फरशीबद्दल ऐकायचं होतं.

"कशी वाटली?" त्याने विचारलं.

बसंतीबाईने केस पिळले, एकदा मागे वळून न्हाणीकडे पाहिलं.

"सगळं चांगलं हाये," ती म्हणाली. "पण मधातच छत कायले ठेवलं?"

धर्मपाल खरोखरच मान वर करून छपराकडे पाहू लागला. सत्यभामाने चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला.

"तुम्ही चहा प्या," ती म्हणाली.